सुजातेच्या खिरीवर चॉकलेटचा कीस

वैशाख पौर्णिमेला ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या आपल्या घराघरांत खीर शिजते. सुजातेने सिद्धार्थाला दिलेल्या खिरीची ती आठवण. पण मुले म्हणतात, "हॉटेलात वर चॉकलेट घालतात!" भगिनींनो, तेही घरी जमते.

जाड चॉकलेट फ्रिजमधून काढून १० मिनिटे बाहेर ठेवा. फार गार असले तर भुगा होतो, मऊ पडले तर चिकटते. एक टोक कागदात धरून बटाट्याच्या सोलाण्याने कडेवरून हलकेच सोला. कुरळ्या पाकळ्या पडतील. त्या थंड स्टीलच्या डब्यात भरून पुन्हा फ्रिजमध्ये ठेवा. चॉकलेटमधले कोको बटर साधारण ३४ अंशांना वितळते, म्हणून पाकळ्या बोटांनी नव्हे, चमच्याने उचला. खीर पूर्ण गार झाल्यावर, वाढतानाच भुरभुरवा.

घरी फ्रिज नसेल तर डबा शेजारी ठेवायला द्या आणि पहिली वाटी त्यांनाच पाठवा. १९२७ साली बाबासाहेबांना महाडला पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. आज आपल्या हातची खीर शेजारी जाते आणि त्यांच्याकडून वाटी रिकामी परत येत नाही. मुलांना पाकळ्या पाडायला बसवा, आणि पाडता पाडता हेही सांगा.