अंदाज चुकला, तर बिघडले कुठे?

दुसरीच्या स्वाध्यायात एक साधा प्रश्न असतो. डब्यात चिंचोके किती असतील? आधी अंदाज लिहा, मग मोजा. उत्तरासाठी दोन चौकटी. मूल डब्याकडे नीट बघते आणि पहिल्या चौकटीत ३० लिहिते. मोजल्यावर निघतात ४३. संध्याकाळी गृहपाठ तपासताना आईची नजर त्या ३० वर जाते. 'अरे, हे चुकलंय. खोड आणि त्रेचाळीस लिही.' मूल खोडते. पुढच्या वेळी ते शहाणे होते. आधी गुपचूप मोजून घेते आणि दोन्ही चौकटींत एकच आकडा लिहिते. वही स्वच्छ दिसते, घरचे समाधानी होतात. पण तो प्रश्न ज्यासाठी दिलेला होता, ते शिकायचे राहून जाते.

गणित म्हणजे अचूक उत्तर, ही बहुतेक घरांतली समजूत. अंदाज हा त्या मानाने आळशी माणसाचा मार्ग! 'अंदाजपंचे दाहोदरसे' हा शब्दप्रयोग मराठीत कौतुकाने वापरला जात नाही. प्रत्यक्षात रोजचे व्यवहार अंदाजावरच चालतात. चार पाहुणे वाढले तर भात किती टाकायचा, बस गाठायला किती वेळ लागेल, दोनशे रुपयांत भाजी होईल का, हे कोणी कागदावर मांडत बसत नाही. पिकाचा हंगामी अहवालसुद्धा आधी 'नजरअंदाज पैसेवारी' म्हणूनच जाहीर होतो.

जन्मजात जाण, पण अपुरी

कमी-जास्त ओळखण्याची जाण बाळाला अंक शिकण्याआधीच असते. फेई शू आणि एलिझाबेथ स्पेल्की यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत सहा महिन्यांच्या बाळांना ८ आणि १६ ठिपक्यांतला फरक कळला. ८ आणि १२ मधला मात्र कळला नाही. वयाबरोबर ही नजर बारीक होत जाते.

मात्र या जाणिवेची सांगड अंकांशी घालणे आपोआप होत नाही. एका टोकाला ० आणि दुसऱ्या टोकाला १०० लिहिलेली कोरी रेघ मुलांपुढे ठेवली आणि '२० कुठे येईल?' असे विचारले, तर शाळेत नुकतीच जाऊ लागलेली मुले बरेचदा मध्याजवळ खूण करतात. लहान संख्या ऐसपैस पसरतात आणि मोठ्या संख्या शेवटाला दाटीवाटीने बसतात. रॉबर्ट सीगलर आणि ज्युली बूथ यांच्या २००४ च्या अभ्यासात दुसरीपर्यंत ही रेघ बरीच सरळ होताना दिसली. ज्यांच्या खुणा अधिक नेमक्या होत्या, त्यांचे गणित चाचणीतले गुणही सहसा चांगले होते. म्हणजे शंभरपर्यंत घडाघडा म्हणता येणे वेगळे आणि ८० म्हणजे केवढे हे उमगणे वेगळे.

उत्तर येते, अर्थ नाही

ही उमज नसली, तर पुढे काय होते? अमेरिकेत १९७८ च्या राष्ट्रीय चाचणीत १३ वर्षांच्या मुलांना १२/१३ आणि ७/८ या अपूर्णांकांच्या बेरजेचा अंदाज विचारला होता. पर्याय होते १, २, १९ आणि २१. दोन्ही अपूर्णांक जवळजवळ एक, म्हणजे उत्तर दोनच्या आसपास. ते निवडले फक्त २४ टक्के मुलांनी. निम्म्याहून अधिक मुलांनी १९ किंवा २१ वर खूण केली, कारण वरचे वर आणि खालचे खाली मिळवले की तेच आकडे येतात. एकाहून लहान असलेल्या दोन संख्यांची बेरीज २१ कशी होईल, हा प्रश्न त्यांना पडला नाही.

आपल्याकडचे चित्रही बोलके आहे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांचा कोलकाता व दिल्लीतल्या मुलांचा अभ्यास २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाला. बाजारात काम करणारी मुले वजन आणि भाव यांचे हिशेब तोंडी चटकन करत. पण तीच आकडेमोड शाळेच्या भाषेत कागदावर आली की अडखळत. शाळेत जाणाऱ्या मुलांचे नेमके उलटे होते. ४३ गुणिले ११ करताना बाजारातले मूल ४३ च्या दहापटीत आणखी ४३ मिळवते. संख्या सोयीच्या आकड्याजवळ नेणे ही अंदाजाचीच सवय.

पालकांचे म्हणणे

पालकांची काळजी निराधार नाही. परीक्षेत गुण अचूक उत्तरालाच मिळतात. पाढे पाठ असलेच पाहिजेत, हेही खरेच. उलट पाढ्यांशिवाय अंदाजही नीट करता येत नाही. ४८ गुणिले २१ म्हणजे साधारण ५० गुणिले २०, हजाराच्या आसपास, हे पाच दुणे दहा येत असेल तरच सुचते. अचूक उत्तर १००८. गुणाकार मांडताना दुसऱ्या ओळीत शून्य द्यायचे राहिले, तर उत्तर १४४ येते. हजाराचा अंदाज आधी मनात असलेले मूल तिथेच थबकते. नसलेले मूल १४४ खाली दोन रेघा ओढून पुढच्या गणिताकडे वळते.

आपण शिकलो तसेच मुलांनी शिकावे, हा आग्रहही जुना. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'त्रेसष्ट'बरोबर 'साठ तीन' असेही वाचन सुचवले, तेव्हा घरोघरी आणि थेट विधिमंडळात वाद रंगला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी त्यामागची भूमिका पुन्हा पुन्हा समजावून सांगितली. 'साठ तीन' ऐकताच संख्येचा आवाका आधी कळतो, हा मुद्दा मात्र थट्टेत हरवून गेला.

घरी काय करता येईल?

यासाठी वेगळा क्लास लागत नाही. सीगलर आणि गीता रमाणी यांनी अमेरिकेतल्या अल्प उत्पन्न गटातल्या बालवाडीच्या मुलांना १ ते १० अंकांच्या सरळ पट्टीवर सोंगटीचा खेळ दिला. दोन आठवड्यांत पंधरा-वीस मिनिटांच्या चार बैठका, एवढेच. मुलांची संख्यांची समज सुधारली आणि नऊ आठवड्यांनंतरही ती टिकून होती. अंकांऐवजी नुसते रंग असलेल्या पट्टीवर खेळलेल्यांना तसा लाभ झाला नाही. अंगणात खडूने आखलेली दहा घरेही या खेळाला पुरतात. सापशिडी खेळताना सोंगटी २४ वर असेल, तर पुढे सरकवताना 'एक, दोन' न म्हणता 'पंचवीस, सव्वीस' म्हणायला लावावे.

शेंगा सोलताना, जिना चढताना, 'किती असतील?' असे विचारावे. नेमका आकडा सुचत नसेल, तर 'वीसपेक्षा जास्त की कमी?' असे विचारावे. आईवडिलांनीही आपला अंदाज मोठ्याने सांगावा आणि तो चुकू द्यावा. मुलाचे उत्तर फार लांबचे असेल, तर रागावण्याआधी 'हे कशावरून वाटलं?' एवढे विचारावे. मनाला येईल तो आकडा ठोकणे आणि 'एका मुठीत दहा मावतात, डब्यात तीन-चार मुठी असतील' असे म्हणणे, यातला फरक तिथेच कळतो.

आणि वहीतला तो ३० खोडू नये. शेजारी ४३ असू द्यावा. पुढच्या आठवड्यात तोच डबा पुन्हा भरला, की मूल जरा जास्त वेळ बघेल आणि कदाचित ४० लिहील.