सहकारी गृहनिर्माण संस्थेतील उपविधी आणि शेजारसंबंध

सहकारी गृहनिर्माण संस्था ही इमारतीतील सदनिकाधारकांनी एकत्र येऊन स्थापन केलेली व सहकार कायद्याखाली नोंदलेली संस्था होय. महाराष्ट्रात बोलीभाषेत तिला नुसते 'सोसायटी' म्हणतात. राज्यात अशा एक लाखाहून अधिक संस्था आहेत. इमारतीचा सामाईक कारभार, खर्चाची वाटणी आणि सभासदांची परस्परांशी वागणूक ज्या लिखित नियमांनी बांधलेली असते, त्यांना 'उपविधी' असे म्हणतात.

अशा संस्थेतील मालकीचे स्वरूप स्वतंत्र घराच्या मालकीहून वेगळे असते. वाड्याच्या किंवा बंगल्याच्या मालकाचे घर जोत्यापासून कौलांपर्यंत त्याचेच असते. सदनिकाधारकाला मात्र आतली जागा वापरण्याचा हक्क असतो. खांब, तुळया, स्लॅब, गच्ची, जिना आणि बाहेरच्या भिंतींवरून जाणारे नळ सामाईक असतात. एकाची जमीन ही दुसऱ्याचे छत असते. शेजाऱ्यांमधील बहुतेक तंटे, वरवर स्वभावाचे वाटले तरी, ही सीमारेषा नेमकी कोठे आहे हे ठाऊक नसल्यामुळे उद्भवतात.

पार्श्वभूमी

ब्रिटिश अमदानीत १९०४ आणि १९१२ साली सहकारी संस्थांविषयीचे कायदे झाले. मुंबईत गावदेवी येथे १९१५ साली स्थापन झालेली सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था ही या चळवळीतील आरंभीची संस्था होय. तिच्या स्थापनेत रावबहादूर श्रीपाद सुब्बराव तालमकी यांचा पुढाकार होता. १९२५ साली मुंबई प्रांताचा स्वतंत्र सहकार कायदा झाला.

तथापि, मुंबईचा मध्यमवर्ग तेव्हा प्रामुख्याने भाड्याच्या चाळींतून राहत होता. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठविली गेली आणि भाड्याने देण्यासाठी नव्या इमारती बांधणे मालकांना परवडेनासे झाले. त्याची जागा मालकी हक्काच्या सदनिकांनी घेतली. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० आणि सदनिका विकणाऱ्या बांधकाम व्यावसायिकांवर बंधने घालणारा १९६३ चा कायदा (बोलीत 'मोफा') हे दोन कायदे आजच्या व्यवस्थेचा पाया होत. २०१९ च्या दुरुस्तीने सहकार अधिनियमात गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण (कलम १५४ ब आणि त्याची उपकलमे) घालण्यात आले.

चाळीत शेजार होता. पण नियम करणारा घरमालक तिसराच कोणी असे. भिंत ओली झाली तर सगळे बिऱ्हाडकरू मिळून मालकाला दूषणे देत. संस्थेत तो तिसरा उरला नाही. नियम करणारे, पाळणारे आणि मोडणारे एकाच जिन्यावरून ये-जा करतात.

उपविधींचे स्थान

सहकार खात्याने आदर्श उपविधी तयार केले असून सध्या बहुतेक संस्थांत २०१४ चा नमुना प्रचलित आहे. संस्था ते स्वीकारते किंवा त्यांत दुरुस्ती सुचविते. दुरुस्तीला सर्वसाधारण सभेत उपस्थित व मतदान करणाऱ्या सभासदांपैकी दोन तृतीयांशांची संमती लागते आणि निबंधकाने नोंदणी केल्याखेरीज ती अमलात येत नाही. उपविधी कायद्याशी विसंगत असू शकत नाहीत, आणि सभेचा ठराव उपविधींशी विसंगत असू शकत नाही.

हा क्रम लक्षात घेतला की तळमजल्यावरच्या फलकावर लागणाऱ्या पुष्कळशा सूचनांचे वजन आपोआप ठरते. 'अविवाहितांना सदनिका भाड्याने देऊ नये', 'घरकाम करणाऱ्यांनी लिफ्ट वापरू नये' अशा सूचना सचिवाच्या सहीने लागलेल्या दिसतात; आदर्श उपविधींत त्यांना आधार सापडत नाही. सदनिका भाड्याने देण्यासाठी संस्थेची पूर्वपरवानगी लागत नाही. संस्थेला तसे आधी कळविणे व कराराची प्रत देणे एवढे मात्र सभासदाचे कर्तव्य आहे.

सभासदत्वाच्या बाबतीत अधिनियमाचे कलम २३ असे सांगते, की पात्र व्यक्तीला पुरेशा कारणाशिवाय प्रवेश नाकारता येत नाही. याला एक गुंतागुंतीची बाजू आहे. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली, सभासदत्व विशिष्ट समाजापुरते मर्यादित ठेवणारा नोंदणीकृत उपविधी वैध ठरविला. त्या निर्णयावर बरीच टीका झाली. पण तो नोंदलेल्या उपविधीविषयी होता. समितीच्या मर्जीविषयी नव्हता, हा भेद चर्चेत अनेकदा निसटतो.

संस्थेत मतदान 'एक सभासद, एक मत' या तत्त्वाने होते. सदनिका केवढी हे पाहिले जात नाही. दैनंदिन कारभार पाहणाऱ्या व्यवस्थापक समितीची मुदत पाच वर्षांची असते आणि अंतिम अधिकार सर्वसाधारण सभेचा असतो. वार्षिक सभा ३० सप्टेंबरपूर्वी घ्यावी लागते. एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा २०, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी गणपूर्ती पुरते. म्हणजे २०० सदनिकांच्या संकुलात २० माणसे जमली तरी सभा भरते आणि तिचे ठराव घरी राहिलेल्या १८० जणांवरही बंधनकारक ठरतात.

देखभाल शुल्काची वाटणी

मासिक देयकातील प्रत्येक रक्कम एकाच मापाने वाटली जात नाही, आणि बराचसा रोष यामुळेच निर्माण होतो. मालमत्ता कर महानगरपालिकेने ज्या सदनिकेला जेवढा लावला तेवढा. पाणीपट्टी त्या सदनिकेतील नळांच्या संख्येप्रमाणे. दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वार्षिक किमान ०.७५ टक्के आणि 'सिंकिंग फंड' किमान ०.२५ टक्के. पहारेकरी, सफाई, सामाईक दिवे, कार्यालय इत्यादींचे सेवाशुल्क मात्र सर्व सदनिकांना समान असते. मोठ्या सदनिकेला पहारा जास्त लागत नाही, असा त्यामागील तर्क आहे.

लिफ्टचा खर्चही त्या इमारतीतील सर्वांवर समान पडतो, तळमजल्यावरच्यांवरही. 'आम्ही लिफ्टमध्ये पाय ठेवत नाही' हे वाक्य बहुधा प्रत्येक वार्षिक सभेत ऐकू येते. उपविधींनी लिफ्ट ही वापरानुसार आकारायची सेवा मानलेली नाही. ती जिन्याप्रमाणे इमारतीचे अंग मानली आहे. गच्ची गळते तेव्हा तिचा खर्च केवळ सर्वांत वरच्या मजल्यावर टाकला जात नाही, हे त्याच न्यायाचे दुसरे टोक होय.

सदनिका भाड्याने दिलेल्या सभासदाकडून घ्यावयाच्या बिनभोगवटा शुल्काला शासनाच्या २००१ च्या आदेशाने सेवाशुल्काच्या १० टक्के अशी मर्यादा घातली आहे. त्यापूर्वी काही संस्था मनमानी रकमा वसूल करीत. त्याच वर्षी हस्तांतरण अधिमूल्यावरही महानगरपालिका क्षेत्रात २५,००० रुपयांची कमाल मर्यादा आली.

गळती

शेजाऱ्यांतील बोलणे बंद पाडणारा सर्वांत सामान्य विषय म्हणजे गळती. खालच्या घराच्या छताला ओल दिसते. वरचा सभासद 'आमच्याकडे सगळे कोरडे आहे' असे सांगतो, आणि ते खरेही असते. पाणी फरशीखालच्या ब्रिकबॅट कोब्यात मुरते, उतार मिळेल तिकडे सरकते आणि भलत्याच कोपऱ्यात उतरते. त्यामुळे ओल जेथे दिसते त्याच्या बरोबर वर दोष असेलच असे नाही.

उपविधींची विभागणी येथे पुरेशी स्पष्ट आहे. पावसाच्या पाण्याची गळती, बाहेरच्या सामाईक नळांची व सांडपाण्याच्या वाहिन्यांची गळती, आणि गच्चीतून झिरपलेल्या पाण्याने खराब झालेले सर्वांत वरच्या मजल्याचे छत व गिलावा यांची दुरुस्ती संस्थेने करावयाची असते. संडास, न्हाणीघर, मोरी, सिंक यांमुळे सदनिकेच्या आतून होणारी गळती संबंधित सभासदाने स्वखर्चाने थांबवावयाची असते. म्हणून पहिला प्रश्न 'पैसे कोण देणार' हा नसून 'पाणी कोठून येते' हा असतो. ओल फक्त पावसाळ्यात वाढते की बाराही महिने सारखी राहते, यावरून पुष्कळदा निम्मे उत्तर मिळते. उरलेले जाणकाराच्या तपासणीतून मिळते: न्हाणीघराच्या जाळीचे तोंड बंद करून काही काळ पाणी साठवून ठेवायचे आणि खाली ओल वाढते का हे पाहायचे.

तपासणीसाठी वरच्या घरात जाणे भाग असते. आधी सूचना देऊन सदनिकेची पाहणी करण्याचा अधिकार उपविधींनी समितीला दिला आहे. सभासदाने आवश्यक दुरुस्ती केली नाही, तर ती करून खर्च वसूल करण्याची तरतूदही आहे. हा केवळ दोन घरांतील मामला नव्हे. स्लॅबमधील सळई ओलीने गंजते, गंजून फुगते आणि तिच्यावरचा काँक्रीटचा थर फुटून पडतो. दोघांच्या अबोल्यात चार पावसाळे गेले, की रंगाच्या खर्चाचे काम स्लॅबच्या दुरुस्तीवर जाते, आणि तेथे सगळी इमारत वर्गणीदार होते. याच कारणास्तव १५ ते ३० वर्षे जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतींची तीन वर्षांतून एकदा करावी, असे उपविधी सांगतात.

गाड्या, आवाज, प्राणी

मोकळी किंवा इमारतीच्या खांबांमधील वाहनाची जागा बांधकाम व्यावसायिकाला स्वतंत्रपणे विकता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली मुंबईतील एका संस्थेच्या प्रकरणात दिला. अशा जागांचे वाटप संस्था करते. गाड्या जास्त व जागा थोड्या असतील तर दरवर्षी चिठ्ठ्या टाकून वाटप करण्याची पद्धत उपविधींत आहे. इतरांची निकड शिल्लक असताना एकाला दुसरी जागा मिळू नये, हाही नियम आहे. अर्थात, वीस वर्षे एकाच खांबापाशी गाडी लावणाऱ्याला चिठ्ठीची कल्पना पटविणे हे समितीचे सर्वांत अवघड काम असते.

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. मुलांच्या खेळासाठी समिती आवारात जागा व वेळ ठरवून देऊ शकते. पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही किंवा त्यांना लिफ्टची मनाई करता येत नाही, असे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे. स्वच्छतेची आणि इतरांना त्रास होऊ न देण्याची जबाबदारी पाळणाऱ्याची. आवारातील भटक्या कुत्र्यांना खाऊ घालण्याची जागा ठरविण्याचे काम २०२३ च्या नियमांनी रहिवासी संघटनांकडे सोपविले आहे.

जिन्यातील चपलांची कपाटे, सायकली आणि कुंड्या हा क्षुल्लक विषय समजला जातो. प्रत्यक्षात आग लागल्यास तोच सुटकेचा मार्ग असतो, त्यामुळे येथे सवलत देणे हे शेजारधर्मात बसत नाही.

तक्रारीचा मार्ग

तक्रार प्रथम समितीकडे लेखी द्यावी लागते. समितीने पुढील बैठकीत निर्णय घेऊन त्यानंतर १५ दिवसांत तो कळवावा, असे उपविधी म्हणतात. समाधान न झाल्यास कोठे जावयाचे हे तक्रारीच्या स्वरूपावरून ठरते. सभासदत्व नाकारणे, भागपत्र न देणे, कागदपत्रे न दाखविणे, सभा न घेणे हे विषय उपनिबंधकांकडे जातात. गळती, दुरुस्ती, वाहनतळ, असमान पाणीपुरवठा, सभेचे ठराव यांचे वाद सहकार न्यायालयात जातात. अनधिकृत बांधकाम महानगरपालिकेच्या कक्षेत येते. धमकी, मारहाण व उपद्रव पोलिसांच्या. चुकीच्या दारावर थाप मारल्यामुळे वर्षे वाया गेल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत.

शुल्क थकविणाऱ्या सभासदाकडून कलम १५४ ब-२९ खाली निबंधकाकडून वसुली दाखला मिळवून रक्कम वसूल करता येते. थकबाकीवर आकारावयाचे व्याज सरळ पद्धतीने आणि वर्षाला २१ टक्क्यांपर्यंतच असू शकते. पाणी तोडणे किंवा थकबाकीदाराचे नाव घेऊन आवारात पुकारा करणे हे वसुलीचे मार्ग नव्हेत. याउलट, समितीशी मतभेद आहेत म्हणून शुल्क अडवून धरणे हाही सभासदाचा हक्क नाही. तसे करणारा थकबाकीदार ठरतो आणि समितीच्या निवडणुकीला उभा राहू शकत नाही. म्हणजे जो कारभार बदलण्यासाठी त्याने पैसे रोखले, तो बदलण्याची संधीच तो गमावतो.

अपार्टमेंट पद्धतीशी तुलना

१९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी अधिनियमाखाली नोंदलेल्या इमारतींना वरील उपविधी लागू होत नाहीत. पुण्यात अशा इमारती बऱ्याच आहेत. तेथे सदनिकाधारक स्वतःच मालक असतो, त्याच्याकडे सामाईक भागातील अविभक्त हिस्सा टक्क्यांत असतो, आणि मत व खर्च दोन्ही सामान्यतः त्या टक्क्यांनुसार मोजले जातात. सदनिका विकत घेताना आपली इमारत कोणत्या कायद्याखाली नोंदलेली आहे हे खरेदीदार क्वचितच विचारतो. पहिले देयक हाती पडते किंवा पहिले मतदान होते, तेव्हा हा फरक त्याला कळतो.