लुंबिनीला जायचे, पण सोनौलीला थांबायचे नाही

२०१८ सालच्या फेब्रुवारीत आमच्या वसाहतीतून बौद्ध स्थळांची सहल निघाली होती. एका यात्रा कंपनीचे रंगीत पत्रक विहाराच्या भिंतीवर लागले होते. बुद्धगया, सारनाथ, कुशीनगर, लुंबिनी, श्रावस्ती, सगळी नावे ठळक अक्षरांत. महिला मंडळाने भिशीचे पैसे काढले, कुणी बोनस बाजूला ठेवला, कुणी सोसायटीतून कर्ज उचलले आणि बेचाळीस माणसे निघाली. सोनौलीच्या सीमेवर बस थांबली तेव्हा कंपनीच्या माणसाने खाली उतरून सांगितले की, गाडीचा नेपाळचा परवाना, भन्सार वगैरे खर्च प्रवाशांनी वेगळा द्यायचा आहे, आणि पाचशेच्या नव्या नोटा पुढे चालणार नाहीत. ज्यांच्याजवळ होते त्यांनी दिले आणि ते पुढे गेले. नऊ बाया अलीकडेच थांबल्या. दिवसभर एका धाब्याच्या बाकड्यावर बसून राहिल्या. लुंबिनी तिथून तीस किलोमीटरही नव्हती.

त्या नऊ जणींत आमच्या चाळीतील आजी होत्या. आम्ही पुढे गेलो होतो, हे कबूल केले पाहिजे. पावतीच्या मागे बारीक अक्षरांत ‘परराज्य व परदेश कर प्रवाशाकडे’ असे छापलेले होते. आम्ही बी.कॉम. झालेले, रोज कचेरीत दुसऱ्यांची बिले तपासणारे, आणि ती पावती आम्हीच वाचली नव्हती. परतल्यावर आजी एकदाही रागावून बोलल्या नाहीत. “तुम्ही जाऊन आलात ना, मग झालं,” एवढेच म्हणाल्या. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते.

म्हणून या वेळी कंपनी नाही. आमची आम्हीच सहल ठरवली आहे. वाचकांपैकी अनेक कुटुंबे असा बेत करीत असतील, त्यांना उपयोग व्हावा म्हणून चार महिने चौकशी करून जे हाती लागले ते मांडतो.

प्रथम कागदपत्रांचे. नेपाळ हा वेगळा देश आहे, हे आपली माणसे विसरतात, किंवा उलट वेगळा देश म्हटल्यावर घाबरतात. भारत आणि नेपाळ यांच्यात १९५० साली मैत्रीचा करार झाला. तेव्हापासून आपल्याला तिकडे जायला व्हिसा लागत नाही आणि त्यांना इकडे यायला लागत नाही. पासपोर्टही सक्तीचा नाही. पण पासपोर्ट नसेल तर निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र हवे. इथेच बहुतेकांचा घोळ होतो. बँकेत, रेशनला, दवाखान्यात सगळीकडे आधार चालते, म्हणून तिथेही चालेल असे लोक धरून चालतात. नियमाप्रमाणे आधार कार्ड, रेशन कार्ड, वाहन परवाना अशा फोटोच्या कागदांची सवलत पंधरा वर्षांखालील मुलांना आणि पासष्ट वर्षांवरील वृद्धांना आहे. पंधरा ते अठरा वयाच्या मुलांसाठी शाळेच्या मुख्याध्यापकांचे ओळखप्रमाणपत्र लागते, त्याचा ठरलेला नमुना असतो. एकाच कुटुंबातील माणसे बरोबर असतील तर एका मोठ्या माणसाजवळ पासपोर्ट किंवा मतदार कार्ड असावे, आणि बाकीच्यांजवळ नाते दाखवणारा फोटोचा कागद असला तरी चालतो. सीमेवर गर्दीत पुष्कळदा कोणी काही पाहत नाही, असे जाऊन आलेले सांगतात. ते खरेही आहे. पण भारताच्या बाजूला सशस्त्र सीमा बलाचे जवान ओळखपत्र आणि सामान पाहू शकतात, आणि ज्या दिवशी पाहतील तो नेमका आपला दिवस असायचा. तेव्हा नशिबावर हवाला ठेवू नये.

आता आजींचे बघा. आजींची आई सांगायची की, बाबासाहेब गेले तेव्हा ही पाळण्यात होती. म्हणजे १९५६ चा जन्म धरला पाहिजे. पण शाळेचा दाखला नाही. आधार काढताना समोरच्या माणसाने अंदाजाने एक जानेवारी आणि मनाला येईल ते साल घातले. त्या कागदाच्या हिशेबाने आजींना पासष्टी गाठायला अजून तीन वर्षे आहेत! म्हणजे वृद्धांची सवलत लागू होत नाही. मतदार कार्ड काढून पाहिले तर त्यावर नवऱ्याच्या नावाच्या जागी सासऱ्याचे नाव. आपल्या वस्त्यांत असे एक घर दाखवा की, ज्याच्या सगळ्या कागदांवर सगळी नावे सारखी आहेत. आम्ही आजींचा आठ नंबरचा अर्ज भरला. मतदार यादीतील दुरुस्तीसाठी हाच अर्ज असतो. त्याला रेशन कार्ड जोडले आणि मतदान केंद्राच्या अधिकाऱ्यांकडे तीन खेटे घातले. वसाहतीत पाहणी केली तेव्हा अठ्ठावीस माणसांपैकी अकरा जणांच्या कागदांत असाच काहीतरी दोष निघाला. तेव्हा सहलीची तारीख ठरवण्यापूर्वी कार्डे तपासा. आम्ही तिकिटांपासून सुरुवात करणार होतो, ती चूक एका वहिनींनी वेळीच दाखवून दिली.

ज्यांचे नातेवाईक परदेशी पासपोर्टवर आहेत आणि सोबत येऊ म्हणतात, त्यांना हे काहीच लागू नाही. त्यांना नेपाळचा व्हिसा घ्यावा लागेल, आणि परत भारतात शिरण्याची परवानगी आपल्या व्हिसावर आहे की नाही हेही निघण्याआधी पाहावे लागेल. नाहीतर पाहुणे तिकडेच राहायचे.

कधी जावे, यावर विहारात दोन रविवार वाद झाला. बहुतेकांची इच्छा वैशाख पौर्णिमेला जाण्याची. भावना समजण्यासारखी आहे, पण त्या दिवसांत तराईत भयंकर ऊन असते आणि आपल्याबरोबर म्हातारी माणसे व लेकरे असतात. डिसेंबर अखेर आणि जानेवारीत उत्तरेत असे धुके पडते की, गाड्या दहा-दहा तास रखडतात. दिवाळीच्या सुट्टीत मुलांना सोयीचे, पण त्याच वेळी छटपूजेला गावी जाणाऱ्या कामगार बांधवांची एवढी गर्दी गोरखपूरकडे असते की, आरक्षित डब्यातही पाय ठेवायला जागा मिळत नाही. शेवटी नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा धरला. मुलांची चार दिवस शाळा बुडेल. बुडू दे.

मुंबईच्या लोकमान्य टिळक टर्मिनसवरून सुटणारी कुशीनगर एक्सप्रेस कल्याण, नाशिक, भुसावळवरून थेट गोरखपूरला नेते. दीड दिवसाचा प्रवास आहे. नागपूरकडूनही गोरखपूरला गाड्या आहेत. पूर्वी चार महिने आधी आरक्षण मिळत असे. १ नोव्हेंबर २०२४ पासून ही मुदत साठ दिवसांवर आली आहे, हे ध्यानात ठेवा. ज्येष्ठ नागरिकांची तिकिटातील सवलत २०२० च्या मार्चमध्ये बंद झाली, त्यामुळे आजी-आजोबांचेही पूर्ण भाडे धरून हिशेब करावा. गोरखपूरहून कुशीनगर पूर्वेला सुमारे पन्नास किलोमीटर आहे आणि सोनौली उत्तरेला शंभरच्या आत. सोनौलीला उत्तर प्रदेश परिवहनच्या बसगाड्या जातात, तीन तास धरावेत. नौतनवा हे रेल्वे स्टेशन तर सीमेपासून सात-आठ किलोमीटरवर आहे.

बुद्धगया आणि श्रावस्ती आम्ही यादीतून काढली. काहींना ते आवडले नाही. पण रोजंदारीवर काम करणाऱ्या माणसाला दहा दिवस खाडा परवडत नाही, आणि कंपन्यांच्या सहलीत माणूस सारा वेळ बसमध्येच बसून असतो. कुशीनगर, लुंबिनी, तिलौराकोट आणि परतताना सारनाथ, एवढेच नीट पाहू.

पैशांबाबत. भारताच्या १०० रुपयांना नेपाळचे १६० रुपये, हा दर १९९३ पासून ठरलेला आहे. दुकानदाराने भाव सांगितला की, ‘आय.सी. की एन.सी.’ एवढे विचारायचे. आय.सी. म्हणजे आपले चलन, एन.सी. म्हणजे नेपाळी. जेवण ‘आठशे’ म्हटले की जीव दचकतो, पण ते नेपाळी असतील तर आपले पाचशेच झाले. नोटांचा मात्र घोळ आहे. नेपाळ सरकारने २०१८ च्या डिसेंबरात शंभरापेक्षा मोठ्या भारतीय नोटांवर बंदी घातली. त्यानंतर हे नियम सैल करण्याच्या हालचाली झाल्या आहेत, तरी निघताना चौकशी करावी. आम्ही सगळ्यांना शंभराच्याच नोटा जमवायला सांगितले आहे, त्या कुठेही अडत नाहीत. मोबाईलचे सिम तिकडे बंद पडते, म्हणून प्रत्येकाच्या खिशात एका कागदावर गटप्रमुखाचे नाव आणि मुक्कामाचा पत्ता लिहून ठेवायचा. नेपाळचे घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटे पुढे आहे. भेटायची वेळ ठरवताना कोणत्या घड्याळाची, ते ठरवावे.

सीमा उघडी असली तरी ती नेहमीच उघडी असते असे नाही. २०२० च्या मार्चमध्ये साथीमुळे बंद झाली होती. निवडणुकीच्या दिवसांत दोन्हीकडून दोन-तीन दिवस बंद ठेवतात. २०२५ च्या सप्टेंबरात नेपाळमध्ये तरुणांचे आंदोलन पेटले, सरकार पडले, तेव्हाही पर्यटक अडकले होते. म्हणून परतीच्या गाडीपूर्वी एक दिवस हातचा ठेवला आहे.

लुंबिनीत काय पाहाल? मायादेवी मंदिर, पुष्करिणी आणि सम्राट अशोकाचा स्तंभ. स्तंभ १८९६ साली पुन्हा उजेडात आला. त्यावरचा लेख ब्राह्मी लिपीत आहे. राज्याभिषेकाला वीस वर्षे झाल्यावर राजा स्वतः इथे आला, शाक्यमुनी बुद्ध इथे जन्मले म्हणून त्याने पूजा केली आणि शिलास्तंभ उभा केला, असा त्याचा आशय आहे. पुढे लिहिले आहे की, लुंबिनी गावाचा कर माफ केला आणि उत्पन्नाचा आठवा हिस्साच घ्यावा असे ठरवले. हिशेबाच्या टेबलावर आयुष्य घालवलेल्या आमच्यासारख्याला हे वाचून फार बरे वाटते. राजा मोठमोठे दान देऊन गेला नाही, त्याने त्या गावच्या शेतकऱ्याचा सारा कमी केला! मुलांना हे त्या स्तंभासमोर उभे करून सांगा.

मंदिरात पादत्राणे काढावी लागतात, आत फोटो काढू देत नाहीत. तिकिटाचे दर नेपाळी, सार्क देशांतील आणि इतर परदेशी यांना वेगवेगळे आहेत, आपण सार्कचे तिकीट घ्यायचे. मंदिराच्या उत्तरेला मधल्या कालव्याच्या एका बाजूला थेरवादी आणि दुसऱ्या बाजूला महायानी देशांचे विहार आहेत. जपानचे वास्तुशिल्पी केन्झो टांगे यांनी १९७८ साली केलेल्या आराखड्याप्रमाणे हा सारा परिसर उभा राहिला. पायी फिरणे म्हाताऱ्यांना झेपणार नाही, ई-रिक्षा करावी. राहायला धर्मशाळा आहेत, कोरियन विहारातही साधी सोय होते. एक रात्र तिथे राहाच. दुपारी येऊन संध्याकाळी पळणाऱ्या बसमधल्या माणसाला लुंबिनीची पहाट मिळत नाही.

तिलौराकोट पश्चिमेला सत्तावीस-अठ्ठावीस किलोमीटरवर आहे. नेपाळ म्हणतो हेच कपिलवस्तू. आपल्याकडे सिद्धार्थनगर जिल्ह्यातील पिप्रहवालाही तोच मान दिला जातो. तिथे १८९८ साली अस्थी आणि रत्ने सापडली. ती रत्ने २०२५ च्या मे महिन्यात हाँगकाँगला लिलावाला निघाली होती, भारत सरकारने हरकत घेतल्यावर लिलाव थांबला आणि जुलैत ती भारतात परत आली. दोन देशांनी वाद घालावा, आपण दोन्हीकडे वंदन करावे.

आमच्यातल्या एका तरुणाने विचारले, आपण मूर्तीपुढे नवस फेडायला जात नाही, मग एवढा खर्च कशाला? प्रश्न योग्य आहे. आम्ही त्याला १९५६ चा नोव्हेंबर आठवून दिला. प्रकृती पार ढासळलेली असताना बाबासाहेब काठमांडूला जागतिक बौद्ध परिषदेला गेले, २० नोव्हेंबरला बुद्ध आणि कार्ल मार्क्स यांच्यावर बोलले आणि सोळा दिवसांनी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. त्यांनाही हीच सीमा ओलांडावी लागली होती. तरुणाने नाव नोंदवले. पटले म्हणून की सोबत मित्र आहेत म्हणून, ते त्यालाच ठाऊक.

राहिला गाडीच्या परवान्याचा प्रश्न, ज्यावर गेल्या वेळी सगळे अडले. भारतीय गाडी नेपाळात न्यायची तर सीमेवर भन्सार, म्हणजे जकात, रोजच्या हिशेबाने भरावी लागते, परवाना काढावा लागतो. आम्ही तो मार्गच सोडला. बस सोनौलीला सोडून द्यायची. सामान हातात घेऊन कमानीखालून चालत पलीकडे बेलहियाला जायचे. तिथून भैरहवा चार-पाच किलोमीटर, आणि भैरहवाहून लुंबिनी बावीस. पलीकडच्या जीप आणि बस सहज मिळतात.

आजींचे दुरुस्त मतदार कार्ड गेल्या आठवड्यात टपालाने आले. ते घेऊन आम्ही त्यांच्याकडे गेलो आणि हा सगळा बेत वाचून दाखवला. कमानीखालून चालत जायचे आहे, हे ऐकल्यावर त्यांनी मधेच थांबवले.

“चालत? चालत जाऊ देतात?”

“हो आजी. कोणीही जातं.”

“मग त्या दिवशी आम्ही नऊ जणी कमानीसमोरच बसलो होतो की.”

आम्हांला उत्तर देता आले नाही. त्या नऊ जणींपैकी दोघी आता हयात नाहीत. उरलेल्या सातही जणींची नावे यादीत सर्वांत वर घातली आहेत. तिकिटांचे पैसे येत्या रविवारी सकाळी दहा वाजता विहारात गोळा होतील. शंभराच्या नोटा वेगळ्या आणाव्यात आणि प्रत्येकाने पावती घेऊन, ती दोन्ही बाजूंनी वाचूनच सही करावी.