मूळ गावाचा माग

भोकरदन तालुक्यातल्या कितीतरी घरांत एक वाक्य ऐकू येतं, “आपण मूळचे इथले नाही.” पणजोबा दुष्काळात आले, वऱ्हाडातून आले, एवढंच पुढे आलेलं असतं. गावाचं नाव तेवढं गळून गेलेलं असतं.

समुद्रापार गेलेल्यांचं तसं नाही. 1834 पासून मॉरिशसला गिरमिटावर, म्हणजे ठरावीक वर्षांच्या मजुरीच्या करारावर गेलेल्यांत कोकणातले मराठी लोकही होते. त्यांच्या नोंदवह्या मॉरिशसमधल्या मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत आहेत. त्यांत नाव, बापाचं नाव, उंची, जहाज आणि गावसुद्धा लिहिलेलं सापडतं. आपले पणजोबा मात्र बैलगाडीनं आले. 1853 पासून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आणि भोकरदन निजामाकडे, म्हणजे त्यांनी राज्याची हद्द ओलांडली, पण ते कुणी लिहून घेतलं नाही. त्यामुळे पणजोबांनी सारा कुठे भरला, मुलगा कुठल्या शाळेत घातला, तीर्थाला कुठे गेले, तिथं आपल्याला त्यांचा माग काढायचा आहे.

सुरुवात घरातल्या म्हाताऱ्या माणसांपासून करावी. “मूळ गाव कोणतं?” असं एकदम विचारलं, तर “काय माहीत बाबा” हेच उत्तर येतं. त्याऐवजी विचारावं, आपलं सुतक कोणकोणत्या गावांत पाळतात? आजीच्या काळात सोयरिकी कुठे झाल्या? देवक कोणतं, आणि कुलदैवताला कुठे जातो? सुतक भाऊबंदांतच पाळलं जातं, म्हणून हा प्रश्न मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. ज्या गावाहून मृत्यूचा निरोप यायचा, तिथं आपलं रक्त आहे. मिळेल ते तारखेसह वहीत टिपून ठेवावं.

मग तहसील कार्यालयातल्या अभिलेख कक्षात, म्हणजे जुन्या कागदांच्या खोलीत, नकलेसाठी अर्ज करावा. 1954 च्या सुमाराचं खासरा पत्रक मागावं. कोणती जमीन कुणाकडे होती, हे त्यात गावनिहाय असतं. ते हातात आलं की पाहणी पत्रक, सेतवार अशा आणखी जुन्या जमिनीच्या कागदांकडे एकेक पाऊल मागं जावं. एकदम 1880 चा कागद मागू नये. मधली कडी नसली, तर त्या कागदावरचा माणूस आपलाच, हे ठरवता येत नाही.

गावाचं नाव पूर्ण लिहावं. नुसतं पिंपळगाव लिहिलं की घोटाळा झालाच. पिंपळगाव बसवंत निफाडात आहे, पिंपळगाव हरेश्वर पाचोऱ्यात. जिल्ह्याचंही तसंच. भोकरदन आज ज्यात आहे तो जालना जिल्हा 1 मे 1981 ला झाला. तालुक्याचे त्याआधीचे कागद औरंगाबाद जिल्ह्याच्या नावानं शोधावे लागतात.

कागद मिळाला तरी तो वाचायचा कसा, इथं बहुतेक जण थांबतात. निजामाच्या कारभारात 1880 च्या दशकात फारसीची जागा उर्दूनं घेतली. जुनं मराठी लिखाण मोडीत, म्हणजे त्या काळच्या जलद लिपीत. ते वाचून देणाऱ्या जाणकाराला आधी घरातली माहीत असलेली नावं सांगावीत, पण “आमचंच नाव काढून द्या” असं म्हणू नये. उर्दूत प आणि ब यांत फरक फक्त नुक्त्यांचा, म्हणजे टिंबांचा. टिंब पुसलं की एका नावाचं दुसरंच नाव वाचलं जातं. आडनाव अनेकदा नसतंच. “राणू वल्द भिवा” म्हणजे भिवाचा मुलगा राणू. म्हणून बाप-लेकाची जोडी जुळली तरच पुढे जावं.

सालाची चूक तर फार जणांकडून होते. निजामाच्या कागदांवर फसली सन असतो, म्हणजे महसुलाचं वर्ष. ते ऑक्टोबरात सुरू होई. त्यात 590 मिळवले की इसवी सन येतो. 1310 फसली म्हणजे 1900-01. हा आकडा पाहून कुणी आपलं घराणं सातशे वर्षांपूर्वीचं धरलं, की पुढचा सगळा शोध वाया जातो.

2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीचं काम सुरू झालं आणि कुणबी नोंदींसाठी जिल्ह्याजिल्ह्यांत जुनी दप्तरं उघडली गेली. जातीच्या दाखल्याशी आपला संबंध नसला तरी त्या नोंदी जरूर पाहाव्यात. शाळेची दाखल-खारीज नोंदवहीही सोडू नये. आजोबांचं जन्मस्थळ तिथं मिळू शकतं.

पैठण किंवा त्र्यंबकेश्वरला गेलात तर आपल्या घराण्याच्या तीर्थोपाध्यायांना भेटावं. त्यांच्या वह्यांत यात्रेकरूंच्या पिढ्या आडनाव आणि गाव यांवरून लावलेल्या असतात. आपण आजचं गाव सांगतो आणि ते “नोंद नाही” म्हणतात. पणजोबांनी मात्र नाव सांगताना जुनंच गाव सांगितलेलं असू शकतं. म्हणून सुतकाच्या प्रश्नातून निघालेली सगळी गावं एकेक करून विचारावीत.

एखादं गाव जुळलं, समजा बुलढाण्याच्या बाजूचं, की तिथल्या कोतवाल बुकाची, म्हणजे जन्म-मृत्यूच्या नोंदवहीची चौकशी करावी. आणि गावात जाऊन तिथल्या सर्वांत वयस्कर माणसाला आपलं आडनाव सांगून विचारावं, या नावाचं रान किंवा विहीर आहे का? जमीन विकली गेली, माणसं गेली, तरी विहिरीला जुन्या मालकाचंच नाव राहतं.