घरच्या कुत्र्याचा खाऊ

चिटगुप्प्याच्या परिसरात ओसरीवर किंवा शेतातल्या आखाड्यावर कुत्रे नाही असे घर शोधावेच लागेल. बिदर जिल्ह्याच्या या भागात कुत्र्याला देवाजवळही जागा आहे. हुमनाबादजवळच्या माणिकनगरात ज्यांची समाधी आहे त्या श्रीमाणिकप्रभूंना भक्त दत्तावतार मानतात, आणि दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात. भालकी तालुक्यातील खानापूरचा मैलार मल्लण्णा म्हणजे आपला खंडोबाच. त्या दैवताचे वाघे कोटंब्यातील भाकरी-दूध कुत्र्याप्रमाणे खाण्याची परंपरा पाळीत आले. असा हा मानाचा प्राणी! परंतु त्याच्या वाट्याला प्रत्यक्षात येते काय? जे आपल्याला नको झाले ते.

शिळ्या भाकरीला माझी हरकत नाही. माणसाच्या सहवासात राहून पिष्टमय अन्न पचविण्याची शक्ती कुत्र्याने लांडग्यापेक्षा पुष्कळ वाढविली आहे, हे 2013 साली स्वीडनमधील संशोधकांनी दाखवून दिले. हरकत आहे ती खराब धान्याला. पावसात सापडलेली खरिपाची ज्वारी काळी पडते, ओलसर राहिलेल्या भुईमुगाच्या शेंगांना बुरशी धरते, आणि मग 'कुत्र्याला चालेल' असे म्हणून त्याच पिठाचा रोट थापला जातो. काही बुरशा अफ्लाटॉक्सिन नावाचे विष निर्माण करतात. ते भाजल्याने पुरते जात नाही, आणि कुत्र्याचे यकृत त्यापुढे फार दुबळे असते. चांगले राखण करणारे जनावर खाणे सोडते, डोळे पिवळे पडतात, आणि घरचे लोक दृष्ट काढीत बसतात.

दुसरा धोका आपल्या प्रेमातूनच येतो. वेळ अमावास्येला सारे कुटुंब शेतात जेवते. भज्जी, आंबील, भाकरी यांचा घास राखणीच्या कुत्र्यालाही मिळतो. घास अवश्य द्यावा, पण भज्जीतील लसूण-मिरची त्याच्यासाठी नव्हे. कांदा व लसूण, कच्चे असोत वा शिजलेले, कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फोडतात. द्राक्षे व बेदाणे मूत्रपिंडे निकामी करू शकतात. म्हणून बेदाणे घातलेला शिराही नको. चॉकलेट तर मुळीच नको. शिजलेल्या हाडाच्या टोकदार चिरफळ्या होतात व त्या आतड्यात रुततात. हाड टाकणे हे औदार्य समजणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे.

मग खाऊ कसा करावा? ज्वारी आपल्या घरची, तिचेच पीठ घ्यावे. दोन वाट्या स्वच्छ, कोरडे पीठ, अर्धी वाटी मऊ शिजवलेला लाल भोपळा आणि एक अंडे. अंडे चालत नसेल तर अर्धी वाटी घट्ट शिजवलेली मुगाची डाळ घालावी. भोपळा आधी चाखून पाहावा. कडू निघाला तर तो माणसालाही विषारी असतो आणि कुत्र्यालाही. मीठ, गूळ, तिखट यांपैकी काहीही घालू नये. गुळाचा हा मुलूख आहे खरा, पण कुत्र्याला गोडाची गरज नाही.

ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो, हे भाकरी थापणाऱ्या कोणत्याही गृहिणीला सांगावयास नको. म्हणून पिठात थोडे आधणाचे पाणी घालून उकड करावी, ती कोमट झाल्यावर भोपळा व अंडे मळून घ्यावे. बोटभर जाडीची नव्हे, पातळ भाकरी थापावी, सुरीने नखाएवढे चौकोन पाडावेत आणि तव्यावर मंद आचेवर दोन्ही बाजूंनी भाजावेत. तुकडा मोडताना कट् असा आवाज आला पाहिजे. आत ओल राहिली तर चार दिवसांत तीच बुरशी पुन्हा येईल. पूर्ण थंड झाल्यावरच घट्ट झाकणाच्या डब्यात भरावेत व आठवड्याभरात संपवावेत. पावसाळ्यात त्याहूनही लवकर.

प्रमाणाविषयी एक शब्द. खाऊ म्हणजे जेवण नव्हे. दिवसाच्या एकूण आहाराचा दहावा हिस्सा ही त्याची मर्यादा. 15 किलो वजनाच्या कुत्र्याला असे सुके तुकडे 20 ते 25 ग्रॅम, म्हणजे लहान भाकरीच्या निम्म्याइतके, पुष्कळ झाले. एवढ्या चिमुकल्या तुकड्यांचा उपयोग अधिक, कारण 'बस', 'थांब' शिकविताना प्रत्येक वेळी एकेक देता येतो. मोठा रोट एकदाच टाकला की धडाही एकदाच संपतो.

आरंभी एकच तुकडा द्यावा आणि दुसऱ्या दिवशी शौचाकडे लक्ष ठेवावे. अंगाला खाज सुटली किंवा पोट बिघडले तर अंडे वगळून पाहावे. वांती थांबत नसेल, लघवी तांबूस होत असेल, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता जवळच्या पशुवैद्याकडे न्यावे. बिदरला तर 2004 पासून पशुवैद्यकीय विद्यापीठच आहे. जाताना त्याने काय खाल्ले होते, त्याचा उरलेला नमुनाही बरोबर घ्यावा.