दुसऱ्याच्या जाळ्यांत शिरण्याचा हक्क

सातपूरच्या औद्योगिक वसाहतींत एक लहान कारखानदार आहे असें समजा. माल तयार झाला आहे, ट्रक मागवावयाचा आहे; म्हणून त्यानें खिशांतला फोन काढून वाहतूकदाराला हांक मारली. कारखानदाराचा फोन एका कंपनीचा, वाहतूकदाराचा दुसऱ्या कंपनीचा. दोघांमधलें अंतर असेल मैलभराचें. पण बोलणें होण्यासाठीं पहिल्याचा शब्द एका कंपनीच्या जाळ्यांतून दुसरीच्या जाळ्यांत शिरला पाहिजे. तो जेथें शिरतो त्या जागेला आपण सांधा म्हणूं. सांधा रुंद असेल तर क्षणांत बोलणें होतें. अरुंद असेल तर कानीं येतो तो केवळ व्यस्ततेचा सूर. ह्या सांध्यावर सत्ता कोणाची असावी, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

टेलिफोनचें मोल त्याच्या यंत्रांत नसतें. त्यावरून किती जणांशीं बोलतां येतें, ह्यांत असतें. म्हणूनच नव्या कंपनीची गरज जुन्या कंपनीच्या गरजेहून फार मोठी असते. नव्याचे ग्राहक मूठभर. त्यांचे आप्त, मित्र व गिऱ्हाइकें जुन्याच्या जाळ्यांत. जुन्यानें सांधा नाकारला तर त्याचें फारसें बिघडत नाहीं. नव्याचें मात्र दुकानच बसतें. अमेरिकेंत हें पूर्वींच घडून गेलें आहे. बेलच्या मूळ पेटंटांची मुदत १८९३-९४ मध्यें संपल्यावर तेथें गांवोगांव स्वतंत्र कंपन्या निघाल्या. पण बेलची कंपनी त्यांना आपल्या तारांशीं जोडून घेईना. व्यापाऱ्यांच्या मेजावर दोन-दोन टेलिफोन दिसूं लागले. अखेर सरकारी कारवाईच्या धाकानें १९१३ सालीं त्या कंपनीनें आपल्या लांब पल्ल्याच्या तारा इतरांस खुल्या करण्याचें मान्य केलें.

आपल्याकडे हा प्रश्न उशिरां आला. मुंबईंत १८८२ सालीं टेलिफोन आणला तो खासगी कंपनीनें. १९४३ सालीं सरकारनें तो आपल्या ताब्यांत घेतला. पुढें अर्धें शतक मालक सरकारच असल्यामुळें सांध्याचा तंटा उद्भवला नाहीं. १९९४ च्या धोरणानें खासगी कंपन्यांना दार उघडलें. नाशिक ज्यांत येतें त्या महाराष्ट्र परिमंडळांत मोबाइलचे पहिले परवाने बिर्ला आणि बीपीएल ह्या उद्योगसमूहांच्या कंपन्यांना मिळाले. त्यांच्या ग्राहकानें कोणाच्या घरच्या टेलिफोनला हांक मारली कीं ती सरकारी खात्याच्या जाळ्यांतून जावयाची. आणि परवाना देणारें, नियम करणारें व स्वतः धंदा करणारें खातें एकच! पंच आणि प्रतिस्पर्धी एकाच अंगरख्यांत. ही विसंगति दूर करण्यासाठीं १९९७ सालीं दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ‘ट्राय’, स्थापन झालें. २००० सालीं तंट्यांसाठीं वेगळें न्यायाधिकरण निघालें आणि त्याच वर्षीं धंद्याचा भाग भारत संचार निगमाकडे गेला. जोडणीच्या अटी ठरविण्याचा अधिकार प्राधिकरणाला आहे. जोडणीच्या करारांची नोंदवही त्यानें ठेवावी व फी भरून कोणाहि नागरिकाला ती पाहतां यावी, असेंहि कायदा सांगतो.

ह्या करारांत कलमें पुष्कळ असतात. पण जीव असतो दोहोंत: मोल आणि मुदत.

प्रथम मोल. कारखानदाराचा कॉल वाहतूकदारापर्यंत पोंचविण्याचें काम दुसऱ्या कंपनीचें. त्याचा मोबदला पहिलीनें द्यावयाचा. हा दर २००४ सालीं मिनिटाला ३० पैसे होता. २००९ त २०, २०१५ त १४ आणि २०१७ च्या ऑक्टोबरांत ६ पैसे झाला. १ जानेवारी २०२१ पासून तो शून्य आहे. जुन्या कंपन्या म्हणत कीं, मनोरे आम्हीं उभारले, खर्च आमचा. नवी म्हणे कीं, माझे कॉल बाहेर जाणारेच अधिक, हा दर म्हणजे माझ्यावरची जकात. दोघांच्या म्हणण्यांत तथ्य होतें. गंमत अशी कीं, टपालाचा प्रवास नेमका उलट झाला. १८७४ च्या जागतिक टपाल करारानें प्रत्येक देशानें आपल्या तिकिटांचें उत्पन्न आपल्यापाशीं ठेवावें असें ठरविलें. परंतु कांहीं देशांकडे येणारें टपालच फार झाल्यामुळें १९६९ सालीं पोंचविण्याचा मोबदला सुरू करावा लागला. तात्पर्य, शून्य दर न्याय्य ठरतो तो येणें-जाणें सारखें असेल तेव्हांच.

आतां मुदत, आणि खरी मेख येथें आहे. ५ सप्टेंबर २०१६ रोजीं रिलायन्स जिओनें फुकट कॉलची सेवा सुरू केली. सांध्यावर हजारांत पांचांहून अधिक कॉल अडूं नयेत असा नियम; प्रत्यक्षांत कितीतरी अधिक अडूं लागले. जुन्या कंपन्या सांधे पुरेसे देत नाहींत, अशी नव्या कंपनीची तक्रार होती. फुकटामुळें कॉलचा लोंढा आला, असें जुन्यांचें उत्तर होतें. प्राधिकरणानें त्याच ऑक्टोबरांत एअरटेल व व्होडाफोन ह्यांना प्रत्येकीं १,०५० कोटि आणि आयडियाला ९५० कोटि रुपये दंड करावा अशी शिफारस केली. दूरसंचार खात्यानें मागणीपत्रें काढलीं तीं २०२१ सालीं. कंपन्यांनीं न्यायाधिकरणाकडे धांव घेतली. मधल्या काळांत व्होडाफोन व आयडिया एक झाल्या होत्या.

सातपूरच्या कारखानदाराचा ट्रक पांच वर्षें थांबत नाहीं. म्हणून २०१८ च्या नियमांनीं केलेली सुधारणा मला दंडाच्या आंकड्याहून मोलाची वाटते. मागणी आल्यापासून तीस दिवसांत करार झाला पाहिजे, भेदभाव होतां कामा नये, आणि नियम मोडणाऱ्यास परिमंडळामागें दररोज एक लाख रुपयांपर्यंत भुर्दंड बसूं शकतो. मोठ्या कंपनीला लाख रुपये कांहींच नव्हेत, हा आक्षेप रास्त आहे. तरी दिवस मोजणारा नियम वर्षें मोजणाऱ्या खटल्याहून बरा.

आज आपल्या परिमंडळांत तीन खासगी कंपन्या आणि भारत संचार निगम एवढेच उरले आहेत. काल जी नवी होती ती आज सर्वांत मोठी आहे. उद्यां कोणी पांचवा आला तर सांध्याची किल्ली तिच्याहि हातीं असेल. आज बलिष्ठ असलेल्यांना हे नियम जाचक वाटतील. पण ते टिकले तरच फोन कोणाचा घ्यावा ह्याची निवड ग्राहकाच्या हातीं राहील.