विश्लेषण : हौसेखातर विमान उडवायला शिकता येते का? वय, तास, खर्च आणि परवान्याचे गणित

मुंबईच्या मरिन ड्राइव्हवर जानेवारी २०२४ मध्ये हवाई दलाने सलग तीन दिवस कसरती केल्या. ‘सूर्यकिरण’ची विमाने, ‘सारंग’ची हेलिकॉप्टर आणि ‘आकाशगंगा’चे छत्रीधारी पाहण्यासाठी समुद्राच्या कठड्यावर मोठी गर्दी झाली होती. असा कार्यक्रम पाहून परतताना अनेक घरांत मुले एकच प्रश्न विचारतात : हे शिकायचे कुठे? बहुतेक पालकांना त्याचे एकच उत्तर ठाऊक असते. वैमानिकाचा अभ्यासक्रम, पन्नास लाखांचे कर्ज आणि मग एअरलाइनची नोकरी. पण विमान उडवायला शिकणे आणि वैमानिक म्हणून पोट भरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांचे परवाने वेगळे आहेत आणि खर्चही वेगळा आहे. हा फरक न कळल्यामुळे काही जण स्वप्न सोडून देतात, तर काही जण गरज नसताना कर्जात उतरतात.

कसरतींच्या विमानांचा शिकण्याशी काय संबंध?

प्रेक्षक ज्यांना लढाऊ विमाने समजून टाळ्या वाजवतात, ती ‘सूर्यकिरण’ची विमाने मुळात प्रशिक्षणाची आहेत. १९९६ मध्ये हे पथक स्थापन झाले, तेव्हा त्यांच्याकडे ‘किरण’ ही हिंदुस्थान एरोनॉटिक्सची प्रशिक्षण विमाने होती. ती प्रशिक्षणासाठीच हवी असल्याने २०११ मध्ये कसरती थांबल्या. २०१५ मध्ये पथक पुन्हा उभे राहिले, ते ‘हॉक’ या जेट प्रशिक्षण विमानांवर.

हवाई दलाने जतन केलेले ‘टायगर मॉथ’ हे दोन मजली पंखांचे विमानही नवशिक्यांसाठीच बनवलेले होते. आकाशातल्या प्रत्येक कसरतीची सुरुवात अशाच एखाद्या साध्या विमानात, शेजारी किंवा मागे बसलेल्या शिक्षकाच्या देखरेखीखाली झालेली असते.

छोटे विमान म्हणजे नेमके काय?

नागरी प्रशिक्षण संस्थांत सर्वाधिक दिसणारी विमाने म्हणजे सेसना १५२ आणि सेसना १७२. पहिल्यात दोन माणसे बसतात, दुसऱ्यात चार. पंख डोक्यावर, पुढे एक पंखा आणि त्याला फिरवणारे पिस्टन इंजिन. सेसना १५२ चे प्रवासी आणि इंधनासह कमाल वजन साडेसातशे किलोंच्या आसपास असते. सेसना १७२ चे उत्पादन १९५६ मध्ये सुरू झाले आणि आजवर अशी ४४ हजारांहून अधिक विमाने बनली आहेत. जगात दुसऱ्या कोणत्याही विमानाची एवढी संख्या नाही.

भारतातही अशी विमाने तयार झाली. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचे ‘पुष्पक’ हे दोन आसनी विमान १९५८ मध्ये प्रथम उडाले आणि पुढे अनेक वर्षे देशभरच्या फ्लाइंग क्लबांमध्ये वापरले गेले. बेंगळुरूच्या नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजचे ‘हंसा’ १९९३ मध्ये उडाले. त्याच्या नव्या आवृत्तीने २०२१ मध्ये पहिले उड्डाण केले.

हौशी वैमानिकाचा परवाना कसा मिळतो?

नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, परवाने देते. वयाच्या १६व्या वर्षी, दहावी उत्तीर्ण झाल्यावर शिकाऊ वैमानिकाचा परवाना मिळू शकतो. त्यापुढचा प्रायव्हेट पायलट लायसन्स, म्हणजे पीपीएल, हा हौशी वैमानिकाचा परवाना. त्यासाठी वय किमान १७ वर्षे, शिक्षण दहावी, दुसऱ्या श्रेणीची वैद्यकीय तपासणी आणि किमान ४० तासांचे उड्डाण लागते. त्यातले काही तास एकट्याने उडवावे लागते. सुमारे २७० किलोमीटरचा, वाटेत दोन वेगळ्या धावपट्ट्यांवर उतरून केलेला एकट्याचा प्रवासही त्यात येतो. हवाई नियम, हवामान, दिशादर्शन, विमान व इंजिन या विषयांच्या परीक्षांत ७० टक्के गुण हवेत. रेडिओवर बोलण्याचा परवाना वेगळा.

व्यावसायिक वैमानिकाला म्हणजे सीपीएलसाठी १८ वर्षे वय, पहिल्या श्रेणीची तपासणी आणि २०० तास लागतात. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित असावे, ही अट याच परवान्यासाठी आहे आणि ती शिथिल करण्याची चर्चाही झाली आहे. पीपीएलला ती लागू नाही. म्हणजे वाणिज्य किंवा कला शाखेचा पदवीधर, चाळिशीतला दुकानदार किंवा शिक्षिकाही हौसेने विमान शिकू शकते. चष्म्याने दृष्टी ठरलेल्या मर्यादेत येत असेल तर चष्मा आड येत नाही. रंग ओळखण्यात दोष असेल तर मात्र अडचण येते.

पीपीएलधारकाला मित्र-नातलगांना विमानातून नेता येते, पण त्यांच्याकडून भाडे घेता येत नाही.

शिकताना नेमके काय होते?

प्रशिक्षण विमानात दोन्ही आसनांपुढे सारखीच नियंत्रणे असतात. सुरुवातीला शिकवले जाते ते विमान सरळ आणि एका पातळीत ठेवायला. मग वळणे, चढणे, उतरणे. त्यानंतर ‘स्टॉल’, म्हणजे नाक फार वर गेल्याने पंखांवरची हवा विस्कटते आणि विमान तरंगेनासे होते, ती स्थिती. ती शिक्षकासोबत पुरेशा उंचीवर मुद्दाम आणली जाते. नाक खाली घेऊन पंखांना पुन्हा हवा मिळवून द्यायची, हे हाताला सवयीचे व्हावे म्हणून.

पुढचे दिवस ‘सर्किट’मध्ये जातात. उडायचे, धावपट्टीभोवती आयताकृती फेरी मारायची, उतरायचे, पुन्हा उडायचे. साधारण पंधरा-वीस तासांनंतर, कुणाला कमी तर कुणाला जास्त, एके दिवशी शिक्षक दार उघडून खाली उतरतात. हे पहिले ‘सोलो’. सत्तर-ऐंशी किलोंचा माणूस उतरल्यावर एवढ्याशा विमानाचे वजन जवळपास एक दशांशाने घटते. ते नेहमीपेक्षा लवकर जमीन सोडते आणि भराभर चढते. शेजारची रिकामी खुर्ची आणि हलके झालेले विमान, दोन्ही नवशिक्याला एकदमच जाणवतात.

आपल्याकडच्या हवामानाचा यात मोठा वाटा असतो. नवशिका बाहेर बघून उडतो, ढगांत शिरून नाही. त्यामुळे जून ते सप्टेंबर या काळात अनेक दिवस विमाने जमिनीवरच राहतात. खान्देश-विदर्भातल्या उन्हाळ्यात दुसरी अडचण येते. तापलेली हवा विरळ असते, पंखांना आणि इंजिनाला कमी हवा मिळते. विमान धावपट्टीवर जास्त धावते, सावकाश चढते आणि दुपारच्या झोतांनी हिंदकळते. म्हणून सकाळच्या वेळेला मागणी जास्त असते.

इंजिन बंद पडले तर?

विमान दगडासारखे खाली कोसळेल, हा बहुतेकांचा समज चुकीचा आहे. विमानाला हवेत धरतात ते पंख. इंजिन फक्त वेग देते. इंजिन थांबले की नाक थोडे खाली ठेवून उंचीच्या मोबदल्यात वेग मिळवता येतो. सेसना १७२ हजार मीटर उंचीवरून, वारा नसेल तर, साधारण नऊ किलोमीटर तरंगत जाऊ शकते. त्या अंतरात मोकळे शेत किंवा माळरान शोधून उतरण्याचा सराव प्रत्येक विद्यार्थ्याला करावा लागतो.

तरीही धोका शून्य नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामती परिसरात चार दिवसांत प्रशिक्षणाची दोन विमाने कोसळली आणि डीजीसीएने संबंधित संस्थेचे प्रशिक्षण थांबवले. उडताना जमिनीपासून फार उंच नसताना, वळण घेताना वेग हरवणे हे छोट्या विमानांच्या अपघातांचे जुने कारण आहे. कमी उंचीवर सावरायला जागाच उरत नाही.

खर्च किती येतो?

प्रशिक्षण विमानाच्या एका तासाला दहा हजार रुपयांहून अधिक मोजावे लागतात. केवळ चाळीस तास धरले तरी रक्कम चार लाखांच्या वर जाते, आणि चाळीस तासांतच सगळे जमेल असे नाही. सीपीएलचा खर्च राहणे-खाणे आणि पुढच्या प्रशिक्षणासह पन्नास लाखांच्या घरात किंवा त्याहून पुढे जातो.

दर एवढा का? ही पिस्टन इंजिने मोठ्या विमानांच्या इंधनावर चालत नाहीत. त्यांना एव्हीगॅस लागते आणि सेसना १७२ ते तासाला तीस-पस्तीस लिटर पिते. हे इंधन भारत वर्षानुवर्षे आयात करत होता. इंडियन ऑइलने सप्टेंबर २०२२ मध्ये ते देशात बनवायला सुरुवात केली. शिवाय सुटे भाग आयातीचे, विमा, हँगरचे भाडे आणि ठरावीक तासांनंतर सक्तीची तपासणी. परवाना मिळाल्यावरही तो जिवंत ठेवण्यासाठी उडत राहावे लागते.

महाराष्ट्रात कुठे शिकता येते? स्वस्त वाट आहे का?

बारामती, धुळे, गोंदिया ही राज्यातली परिचित प्रशिक्षण केंद्रे. जुहूला सुरू झालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबचे प्रशिक्षण धुळ्यात चालते. गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावर नॅशनल फ्लाइंग ट्रेनिंग इन्स्टिट्यूट आहे. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर एअर इंडियाने मोठी प्रशिक्षण संस्था जाहीर केली आहे. मात्र या सगळ्यांचा मुख्य भर सीपीएलवर आहे.

कमी पैशांतल्या दोन वाटा आहेत. पहिली एनसीसीच्या हवाई शाखेची. तिच्या कॅडेटना ‘व्हायरस’ या मायक्रोलाइट विमानांत शिक्षकासोबत उडण्याचा अनुभव मिळतो. दुसरी वाट ग्लायडरची. पुण्यात हडपसरला डीजीसीएचे ग्लायडिंग केंद्र आहे. ग्लायडरला इंजिन नसते. जमिनीवरचे विंच यंत्र दोराने ओढून त्याला वर चढवते आणि मग ते वर जाणाऱ्या हवेच्या आधाराने तरंगते. इंधनाचा खर्च जवळजवळ नाहीच, पण पंख, वारा आणि उंचीचा हिशेब यांचे शिक्षण मात्र पक्के होते.

आपल्याकडे ही हौस का रुजली नाही?

खरे तर भारतीय विमान वाहतुकीची सुरुवातच हौसेतून झाली. जुहूच्या क्लबात शिकलेल्या जे. आर. डी. टाटा यांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी देशातला पहिल्या क्रमांकाचा परवाना मिळाला. १९३० मध्ये इंग्लंड-भारत प्रवास एकट्याने करणाऱ्या पहिल्या भारतीयासाठी आगा खान यांनी बक्षीस ठेवले. जेआरडी भारतातून निघाले, अस्पी इंजिनीअर इंग्लंडमधून. इजिप्तमधल्या अबुकीर येथे अस्पी स्पार्क प्लगअभावी अडकले होते. जेआरडींनी आपल्याकडचे प्लग त्यांना दिले आणि अस्पी काही तासांच्या फरकाने जिंकले. हेच अस्पी पुढे हवाई दलप्रमुख झाले. जेआरडींनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी ‘पस मॉथ’ या छोट्या विमानातून कराचीहून जुहूला टपाल आणले. १९८२ मध्ये, वयाच्या ७८व्या वर्षी, ‘लेपर्ड मॉथ’मधून त्यांनी तोच प्रवास पुन्हा केला.

पुढे क्लब मागे पडले आणि नोकरीसाठीचे प्रशिक्षण उरले. छोट्या विमानाला उतरायला धावपट्ट्या कमी, मोठ्या शहरांच्या विमानतळांवर जागा नाही, बरेचसे आकाश लष्करी नियंत्रणात, आणि साध्या उड्डाणालाही हवाई संरक्षणाची मंजुरी. कांदिवलीच्या गच्चीवर विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव यांचे विमान २०१६च्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात लोकांनी पाहिले. त्याची नोंदणी २०१७ मध्ये झाली आणि उडवण्याची परवानगी मिळायला २०१९ उजाडले.

अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या ऑशकॉश येथे दर जुलैत हौशी वैमानिकांची जत्रा भरते. दहा हजारांच्या आसपास विमाने तिथे उतरतात. त्यातली अनेक लोकांनी गॅरेजमध्ये स्वतः जोडलेली असतात. मालक आपल्या विमानाच्या पंखाखाली तंबू ठोकून राहतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला इंजिन उघडून दाखवतात. तिथे एअर शो पाहणारा आणि विमान उडवणारा हे बऱ्याचदा एकच असतात. आपल्याकडे दोघांमध्ये अजून लोखंडी कठडा आहे.

पैसे भरण्यापूर्वी काय तपासावे?

पहिले काम वैद्यकीय तपासणी. शुल्क भरल्यावर दोष निघण्यापेक्षा आधी कळलेला बरा. सीपीएलचा विचार असेल तर सुरुवातीलाच पहिल्या श्रेणीची तपासणी करून घ्यावी.

संस्था डीजीसीएमान्य आहे का, हे पाहावे. ऑक्टोबर २०२५ पासून डीजीसीए प्रशिक्षण संस्थांची वर्षातून दोनदा प्रतवारी करते. पहिल्या यादीत सर्वोच्च श्रेणी एकाही संस्थेला मिळाली नाही. कागदावर किती विमाने आहेत यापेक्षा आज किती उडत आहेत, एका शिक्षकामागे किती विद्यार्थी आहेत आणि मागच्या तुकडीला तास पूर्ण करायला किती महिने लागले, हे तिथल्या विद्यार्थ्यांनाच विचारावे. सगळी रक्कम एकदम भरू नये. हप्ते आणि परताव्याची अट लेखी घ्यावी.

आणि हौस खरी आहे का, हे एकाच शिक्षण-उड्डाणात बरेचसे कळते. अर्धा-पाऊण तास शेजारी शिक्षक, हातात नियंत्रण आणि खाली ओळखीची शेते. एवढ्यावर मन भरले तरी ते वाया गेले असे नाही. नाही भरले, तर पुढचा हिशेब लाखांचा असला तरी तो निदान डोळे उघडे ठेवून मांडता येतो.